बंपरवाला मालक आणि दुर्लक्षित कामाचा उस्ताद

धंद्यात तोटा आला की मालक मंडळी आधी मोठ्या रकमांकडे पाहतात. कच्च्या मालाचा भाव, मजुरी, जागेचे भाडे, विजेचे बिल. पण पुष्कळदा गळती असते ती भलतीकडेच. ज्या कामाला कुणी काम समजत नाही, ज्याला वेगळा माणूस नाही, जे 'कुणीतरी करून टाकेल' म्हणून सोडून दिलेले असते, तिथून पैसा झिरपत राहतो.

अमेरिकेतील धंदेवाईक फुटबॉल संघांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. तेथील एका संघाने केलेली एका प्रशिक्षकाची नेमणूक आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखी आहे. हा संघ म्हणजे फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल जॅग्वार्स. त्याचे मालक आहेत लाहोरमध्ये जन्मलेले आणि मोटारगाडीचे बंपर बनवून मोठे झालेले शाहिद खान.

बंपरची किमया

शाहिद खान १९६७ साली वयाच्या १६ व्या वर्षी शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. इलिनॉय विद्यापीठात इंजिनियरिंग शिकताना त्यांनी ताशी १ डॉलर २० सेंट मजुरीवर भांडी घासली. शिकत असतानाच फ्लेक्स-एन-गेट या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी काम धरले. १९७८ साली साठवलेले १६ हजार डॉलर आणि सरकारी योजनेतील ५० हजार डॉलरचे कर्ज यांवर त्यांनी स्वतःचा बंपरचा कारखाना काढला. दोनच वर्षांनी, १९८० साली, जिथे नोकरी केली होती तो फ्लेक्स-एन-गेट कारखानाच त्यांनी विकत घेतला.

त्यांचे हुन्नर साधे होते. त्या काळी पिकअप ट्रकचा बंपर अनेक तुकडे जोडून बनत असे. खान यांनी तो अखंड, एकाच तुकड्याचा बनवला. तो हलका पडला आणि करायलाही सोपा झाला. १९८९ पर्यंत अमेरिकेतील टोयोटाच्या सर्व गाड्यांना बंपर पुरवणारे ते एकटेच राहिले होते.

गिऱ्हाईक गाडी घेताना इंजिन बघतो, रंग बघतो, गाद्या बघतो. बंपरकडे कोण बघतो? ज्या भागाकडे कुणाचे लक्ष नव्हते, त्याच भागावर या माणसाची दौलत उभी राहिली. जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी जॅग्वार्स संघाचा ताबा घेतला. एन. एफ. एल. या अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य संघटनेत वांशिक अल्पसंख्याक समाजातून आलेले ते पहिले संघमालक होत.

स्पेशल टीम म्हणजे काय?

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात आणि समोरचे अंगावर झेप घेऊन अडवतात. चढाई करणारे ११ जण वेगळे आणि बचाव करणारे ११ जण वेगळे. नाव आणि पैसा बहुतेक या दोघांच्याच वाट्याला जातो.

पण काही कामे या दोघांचीही नसतात. पायाने चेंडू मारून खेळ सुरू करणे, अडचणीत सापडल्यावर तो लांब टोलावून देणे, समोरच्याने टोलावलेला चेंडू झेलून परत धावत आणणे, दोन खांबांमधून चेंडू मारून तीन गुण मिळवणे. या कामांसाठी जी तुकडी मैदानात उतरते ती स्पेशल टीम. त्यांचे काम काही सेकंदांचे. खांबांमधून चेंडू मारताना एकाने तो मागे फेकायचा, दुसऱ्याने धरून जमिनीवर टेकवायचा, तिसऱ्याने मारायचा, आणि हे सारे सुमारे सव्वा सेकंदात. तिघांपैकी एकाचा हात चुकला की तीन गुण गेले.

या तुकडीत चेंडू मारणारे दोघे-तिघे सोडले तर बाकीचे बहुतेक इतर विभागांतून उसने घेतलेले राखीव खेळाडू असतात. पूर्वी तिला स्वतंत्र प्रशिक्षकही नसे. ज्याला वेळ असेल तो बघून घेई. १९६९ साली लॉस एंजेलिस रॅम्स संघाचे जॉर्ज अॅलन यांनी केवळ या कामासाठी डिक व्हर्मील यांना नेमले. अशा अगदी पहिल्या नेमणुकांपैकी ती एक. हेच व्हर्मील पुढे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २००० साली त्याच रॅम्स संघाला त्यांनी अजिंक्यपद मिळवून दिले. जॉन हारबॉ यांनीही १९९८ ते २००६ अशी नऊ वर्षे फिलाडेल्फियात हेच काम केले. पुढे बाल्टिमोरचे मुख्य प्रशिक्षक म्हणून २०१३ साली त्यांनी अजिंक्यपद जिंकले. दुसऱ्यांच्या हाताखालच्या माणसांकडून काम करून घ्यायला जो शिकला, त्याला पुढे सगळे दुकान सांभाळता येते, ते यामुळेच.

तेरा सेकंदांची किंमत

जॅग्वार्सनी ज्यांना घेतले ते हीथ फारवेल स्वतः याच कामातून वर आले. २००५ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत त्यांना कोणत्याही संघाने निवडले नव्हते. मिनेसोटा संघात ते मागच्या दाराने आले, स्पेशल टीममध्ये जीव तोडून खेळले आणि २००९ च्या हंगामात त्याच कामासाठी निवडक खेळाडूंच्या प्रो बोल संघात जाऊन बसले. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी आधी मदतनिसाचे काम केले आणि २०१९ पासून बफेलो बिल्स संघाची स्पेशल टीम पूर्णपणे सांभाळली. त्यांच्या हाताखालील आंद्रे रॉबर्ट्स हा चेंडू परत आणणारा खेळाडू २०१९ आणि २०२० अशा दोन्ही हंगामांत प्रो बोलसाठी निवडला गेला.

मग आली २३ जानेवारी २०२२ ची रात्र. कॅन्सस सिटीविरुद्ध बफेलो ३६-३३ असे पुढे होते आणि उरले होते फक्त १३ सेकंद. बफेलोने चेंडू लांब, मैदानाच्या टोकापलीकडे मारला. असे केल्याने घड्याळ चालू होत नाही. चेंडू आखूड मारला असता तर समोरच्याला तो उचलून धावावे लागले असते आणि काही सेकंद खर्ची पडले असते. पुरे १३ सेकंद हातात आलेल्या कॅन्सस सिटीने दोन डावांत ४४ वार मजल मारली, तीन गुण मिळवून बरोबरी केली आणि जादा वेळेत सामना ४२-३६ असा जिंकला.

या रात्रीनंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, फारवेल जॅग्वार्समध्ये आले. आपल्या बाजारात काय झाले असते? 'ज्याच्या हातून एवढा सौदा गेला त्याला कोण ठेवणार?' असेच लोक म्हणाले असते. जॅग्वार्स संघाने एका रात्रीबरोबर मागची तीन वर्षेही पाहिली.

पुढे काय झाले?

२०२१ मध्ये जॅग्वार्सनी १७ पैकी ३ सामने जिंकले होते. २०२२ मध्ये नवे मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन यांच्याखाली ९ जिंकले. १४ जानेवारी २०२३ च्या बाद फेरीच्या सामन्यात हा संघ २७-० असा मागे पडला होता. त्या घसरगुंडीत स्पेशल टीमचाही वाटा होता. समोरून आलेला चेंडू एका खेळाडूच्या शिरस्त्राणाला लागून विरोधकांच्या हाती गेला. पण शेवटच्या क्षणी रायली पॅटरसन यांनी ३६ वारांवरून चेंडू खांबांमधून मारला आणि सामना ३१-३० असा जिंकून दिला.

एक विभाग सुधारला म्हणजे सारे सुधारले असे मात्र नाही. २०२४ मध्ये संघ पुन्हा घसरला. १७ पैकी ४ विजय मिळाले आणि मुख्य प्रशिक्षक गेले. २०२५ मध्ये लियाम कोएन आले. नवा मुख्य माणूस येतो तेव्हा जुनी माणसे काढण्याची तिथे रीतच आहे. फारवेल यांना मात्र ठेवले गेले. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला लास व्हेगास येथे जॅग्वार्सच्या कॅम लिटिल यांनी ६८ वारांवरून चेंडू खांबांमधून मारला. आधीचा विक्रम ६६ वारांचा होता. तो सामना जॅग्वार्सनी ३०-२९ असा अवघ्या एका गुणाने जिंकला. ते तीन गुण नसते तर?

ताकद आणि अमानत

याच संघाच्या कचेरीत मात्र दुर्लक्षाची मोठी किंमत मोजावी लागली. खर्चासाठी वापरल्या जाणाऱ्या क्रेडिट कार्डांचे खाते एकाच कर्मचाऱ्याच्या हाती होते. २०१९ ते २०२३ या काळात त्याने २ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम हडप केली. त्यातला बराचसा पैसा सट्ट्यात गेला. मार्च २०२४ मध्ये त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. मैदानावरच्या सव्वा सेकंदाला जाणकार माणूस होता, पण कचेरीतल्या एका वहीवर दुसरी नजर नव्हती.

कुरआन शरीफमधील सूरह अल्-कससमध्ये हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांच्या मदयनच्या हकीकतीत माणूस कामावर ठेवण्याचे दोन निकष आले आहेत, ताकद आणि अमानतदारी. ताकद म्हणजे नुसते बाहुबळ नव्हे, कामाची जाण. दोन्हीपैकी एक नसेल तर दुसरे अपुरे पडते, हे या संघाच्या दोन्ही अनुभवांवरून दिसते.

आपल्या कारखान्यात

शर्ट शिवणाऱ्या कारखान्याचेच घ्या. कटिंग मास्टरला आपण मान देतो, चांगल्या शिलाईवाल्याला उचल देऊन टिकवतो. पण काज-बटण, धागे कापणे, इस्त्री आणि पॅकिंग नवख्या पोरांवर सोडतो. लॉट परत येतो तो बहुधा याच कामांमुळे. फर्निचरवाल्याचे पॉलिश आणि पोहोच, फॅब्रिकेशनवाल्याचे फिटिंग, घाऊक व्यापाऱ्याची उधारी-वसुली ही सारी आपापल्या धंद्यातली स्पेशल टीमच आहे.

म्हणून मालकांनी चार गोष्टी कराव्यात. मागील वर्षी परत आलेला माल आणि बुडालेली उधारी यांची यादी करून कोणत्या कामात गळती आहे ते शोधावे. त्या कामाला एकच जबाबदार माणूस नेमावा, आणि शक्यतो ते काम स्वतःच्या हातांनी केलेला. त्याची मजुरी मुख्य कारागिरापेक्षा फार कमी ठेवू नये, नाहीतर तो टिकणार नाही. आणि त्याच्या हातात पैसा किंवा माल असेल तर हिशेबावर दुसऱ्या माणसाची सही घ्यावी. हा अविश्वास नव्हे, अमानतीची राखण आहे.

आपल्या तरुण कारागिरांनाही एक सांगणे आहे. हलके समजले जाणारे काम वाट्याला आले म्हणून मन खट्टू करू नये. ते इतके चोख करावे की मालकाला त्या कामासाठी दुसरे नाव सुचू नये. बंपर बनवणारा संघमालक झाला आणि ज्याला कुणी निवडले नव्हते तो उस्ताद झाला. मेहनत आणि इमानदारी सोबत असेल तर आपल्या हातच्या कामातही, इन्शाअल्लाह, बरकत येईल.