तळपायाचा तीळ

तळहातावर तीळ असला की पैसा टिकतो आणि तळपायावर असला की माणूस फिरतीवर राहतो, असे आपल्याकडे म्हणतात. तिळाचे फळ सांगणारे पुष्कळ भेटतात, पण तीळ नीट न्याहाळणारे थोडे.

मागे फर्दापूरच्या माझ्या दवाखान्यात साठीच्या एक शेतकरी बाई आल्या. म्हणाल्या, "साहेब, पऱ्हाटीचं खुंट रुतलं होतं, त्याचं कुरूप झालंय. तासून द्या." पाहतो तो टाचेवर रुपयाएवढा डाग, कडा वेड्यावाकड्या, कुठे काळाभोर तर कुठे करडा. कुरूप असे नसते. मी ब्लेड बाजूला ठेवले आणि चिठ्ठी देऊन त्यांना छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात पाठवले. तुकडा तपासल्यावर तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग निघाला. वर्षभर त्या घरीच तो डाग तासत होत्या. ते वर्ष हातचे गेले नसते तर शस्त्रक्रिया लहानशी झाली असती.

वाचकांनी घाबरून जाऊ नये. वेगळे दिसणारे बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात. काहींची ओळख करून घेऊ.

निळा तीळ : यात रंगद्रव्य त्वचेत खोलवर असल्याने तो निळसर दिसतो. हाता-पायाच्या पाठीवर किंवा डोक्यावर आढळतो.

पांढऱ्या कड्याचा तीळ : तिळाभोवती पांढरे वर्तुळ उमटते. बहुधा शाळकरी वयात होतो. हे कोड नव्हे. पुष्कळदा तीळच हळूहळू नाहीसा होतो. उतारवयात असे कडे नव्याने दिसल्यास मात्र तपासून घ्यावे.

डोळ्याभोवतीचा निळा-करडा डाग : गालावर, कपाळावर, कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागातही पसरतो. याला 'ओटाचा डाग' म्हणतात. अशांनी डोळ्यांचा दाब तपासावा.

केसाळ मोठे लासे : जन्मतःच असते. वीतभर किंवा त्याहून मोठे असल्यास बाळाला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

मग धोक्याचा तीळ ओळखावा कसा? दोन अर्धे सारखे नसणे, कडा अस्पष्ट किंवा दातेरी असणे, एकाच तिळात अनेक रंग असणे, रुंदी ६ मिलिमीटरहून अधिक असणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बदल : वाढणे, खाजणे, रक्त येणे, चिघळणे.

आपल्यासारख्या सावळ्या लोकांत हा रोग मुळात कमी. पण होतो तेव्हा बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, जिथे कुणी पाहत नाही. एकाच नखावर उभी काळी रेघ येऊन ती रुंदावत असेल किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरत असेल, तर 'मार लागला असेल' म्हणून सोडू नये. जमैकाचा विख्यात गायक बॉब मार्ली १९८१ साली अवघ्या ३६ व्या वर्षी याच रोगाने गेला. सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती.

तीळ चुना-सोड्याने जाळू नये, केसाने आवळू नये, ब्लेडने तासू नये. वरचा डाग जातो, खालचा रोग राहतो आणि निदानही अवघड होते.

रानातून आल्यावर आपण पाय धुतोच. महिन्यातून एकदा उजेडात बसून तळवे उलटून पाहावेत. वडीलधाऱ्यांना वाकवत नसेल, तर घरातल्या सुना-नातवंडांनी पाहावेत.