साच्यातील जोड : भेटकार्डांच्या निमित्ताने

धम्मचक्र प्रवर्तन दिन, संविधान दिन, सावित्रीबाईंची जयंती, नामविस्तार दिन अशा दिवसांनी आमच्या निवासी विद्यालयातील मुलांचे वर्ष मोजले जाते. या दिवशी घरी पाठवावयाची भेटकार्डे आम्ही माहूरच्या बाजारातून आणीत नाही. मुले ती स्वहस्ते करतात. माजी विद्यार्थ्यांना आपली निळी झालेली बोटे आठवत असतीलच. पालकांनाही घरी हे करता यावे, म्हणून साचा, म्हणजेच स्टेन्सिल, करण्याची रीत येथे मांडीत आहोत.

ही युक्ती फार जुनी आहे. रांगोळीचा छिद्रांचा छापा आपल्या परिचयाचा आहे. चीनमधील दुनहुआंग येथील बौद्ध लेण्यांत सुमारे हजार वर्षांपूर्वी चित्रकार याच तत्त्वाने काम करीत. ऑरेल स्टाइन यांनी १९०७ मध्ये तेथून नेलेल्या वस्तूंत बुद्धप्रतिमेच्या रेषांवर सुईने टोचलेले कागद आहेत. असा कागद भिंतीवर धरून त्यावर रंगाची भुकटी थोपटली, की रेषा ठिपक्यांनी उमटे. त्यामुळे एकसारख्या बुद्धप्रतिमांच्या रांगाच्या रांगा काढणे शक्य होई.

आपल्या साच्यासाठी जुनी एक्स-रे फिल्म सर्वोत्तम. ती पाण्याने मऊ पडत नाही आणि धुऊन पुन्हा वापरता येते. ती नसेल तर वहीच्या पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंनी मेणबत्ती घासावी. कोऱ्या कागदावर आकृती काढून तो कागद फिल्मवर चिकटवावा आणि खाली जाड पुठ्ठा घेऊन दोन्ही एकदमच कापावे. आधी आतील लहान भाग कापावेत, मग बाहेरचे मोठे. म्हणजे फिल्म शेवटपर्यंत ताठ राहते. कटर मोठ्या माणसांनीच हाती धरावा.

खरी परीक्षा अक्षरांची. ‘म’ सलग कापला, तर त्याच्या दोन उभ्या रेघांमधील तुकडा निखळून पडतो. ‘ब’च्या पोटात तिरकी रेघ असल्याने तेथे दोन तुकडे निखळतात. म्हणून अशा प्रत्येक तुकड्याला बाहेरच्या फिल्मशी जोडणारी दोन-तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी न कापता ठेवावी लागते. तिला आम्ही ‘जोड’ म्हणतो. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावर शिरोरेषा मुळातच तुटलेली असते. तेथे आयता जोड मिळतो. ती तूट मात्र जपावी, नाहीतर ‘भ’चा ‘म’ वाचला जातो.

धम्मचक्रासाठी गोल कागदाच्या तीन घड्या घालाव्यात, म्हणजे आठ समान भाग पडतात. अष्टांगिक मार्गाचे आठ आरे लहान कार्डावर ठसठशीत दिसतात. अशोकचक्राचे चोवीस आरे तेवढ्या जागेत कापणे मुलांना कठीण जाते. आरे न कापता त्यांच्यामधील आठ भागच कापावेत. मग चक्र पांढरे राहते, भोवती निळा रंग भरतो आणि जोडांची गरजच उरत नाही.

रंग घट्ट असावा. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून आधी रद्दी कागदावर टिपावा आणि मग साच्यावर सरळ वरून थोपटावा. घासल्यास रंग कडेखाली शिरतो.

काही वर्षांपूर्वी सहावीतील एका मुलीने घाईत ‘बुद्ध’ हा शब्द जोडांविना कापला. ‘ब’च्या जागी कार्डावर निळा डाग उमटला आणि ती रडू लागली. दुसऱ्या दिवशी तिने नवा साचा नीट कापला. तिची आई ऊसतोडीला निघण्यापूर्वी तिला भेटावयास आली. त्या माउलीला अक्षरओळख नव्हती. कार्ड बाजूला ठेवून तिने साचाच उचलला, त्याच्या कडेने बोट फिरविले आणि आम्हांस विचारले, “सर, ह्याच्यातून मला बी लिहिता येईल का?”

साचा तिच्यासोबत कोपीवर गेला. हंगाम संपवून ती परतली, तेव्हा तिने लेकीला वहीचे एक पान दाखविले. वरच्या ओळींत तो शब्द साच्यातून काढलेला होता. खालच्या ओळींत साच्याविना, वेडावाकडा, पण तिचा स्वतःचा.

आमच्या आज्या-पणज्यांच्या हाती अक्षर येऊ दिले गेले नव्हते, हे इतिहास शिकविताना आम्ही सांगत असतो. त्या पानापुढे आम्हांस काही बोलता आले नाही. तेव्हापासून आमचा एक नियम आहे : कार्डाच्या दर्शनी भागावर साचा चालेल, आतील मजकूर मात्र प्रत्येकाने आपल्याच हस्ताक्षरात लिहावा, अक्षर कसेही असो. यंदा प्रत्येक कार्डासोबत त्याचा साचाही घरी पाठवीत आहोत. पालकांनी तो धुऊन, जुन्या वहीत सपाट ठेवून जपावा, आणि त्यातून एक कार्ड आम्हांसही पाठवावे.