लेकरू दूध टाकतं तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात नांदगाव पेठच्या आमच्या घरी दोरीवर सर्वांत जास्त काय वाळत असेल, तर बाळाच्या गळ्याखाली धरायचे सुती रुमाल. दिवसाला पंधरा-वीस. माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपणानंतर ती आजारी पडली, पुन्हा दवाखान्यात राहावं लागलं आणि त्यात अंगावरचं दूध आटलं. डॉक्टरांनी नातीला डब्याचं दूध सुरू केलं. नात बाटली घ्यायची, पण दहा मिनिटांत दूध वर. कधी खांद्यावर गुळणी, कधी नाकातोंडातून धार. मग अंग ताठ करायची, पाठ कमानीसारखी मागे टाकायची आणि लालबुंद होऊन रडायची. फजरच्या अजानपर्यंत आम्ही मायलेकी आळीपाळीने अंगणात फेऱ्या मारायचो.

बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येकीकडे काहीतरी सांगण्यासारखं होतंच. कुणी म्हणे, नजर लागली. कुणी म्हणे, दुधात थोडा रवा शिजवून घाला, पोटात टिकेल. एकीने तर तोंडावरच सांगितलं, “आईचं दूध नाही ना, मग असंच व्हायचं.” माझी लेक सगळं ऐकून घ्यायची. एका रात्री रुमाल पिळता पिळता मला म्हणाली, “अम्मी, मीच हिला आजारी केलं का?”

त्या प्रश्नासाठी हा लेख लिहिते आहे. कारण उत्तर ‘नाही’ असं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दुधाच्या उलट्यांमध्ये लेकीपेक्षा माझाच हात जास्त होता.

दूध वर का येतं?

आपली अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते मिटतं. लहान बाळात हे कडं अजून ढिलं असतं. त्यात बाळाचं सगळं खाणं पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. म्हणून जठरातलं दूध सहज वर येतं. डॉक्टर याला रिफ्लक्स म्हणतात. दहातल्या निदान चार बाळांना हे होतं. सहसा पहिल्या दोन महिन्यांत सुरू होतं, चौथ्या महिन्याच्या सुमारास जोरात असतं, बाळ बसायला लागलं की कमी होत जातं आणि दहापैकी नऊ बाळांचं पहिल्या वाढदिवसाआधी थांबतं. अंगावर पिणारी बाळंही दूध टाकतात. तेव्हा आईचं दूध थोडंफार येत असेल तर या कारणासाठी ते मुळीच तोडू नका. बाळासाठी त्याहून चांगलं काही नाही.

आमच्या अंगणवाडीत ताईंनी नातीला काट्यावर ठेवलं. जन्माच्या वेळी २ किलो ८०० ग्रॅम होती, दहाव्या आठवड्यात ४ किलो ८०० भरली. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यात ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला. ताई म्हणाल्या, “आजी, लेकरू वाढतंय. तरी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.” मग आम्ही ऑटो करून अमरावतीला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी मांडलेला हिशोब

डॉक्टरांनी बाळाला तपासलं आणि मला विचारलं, “एका वेळी किती पाजता?” मी अभिमानाने म्हटलं, दीडशे मिली, दिवसातून सात वेळा. त्यांनी कागदावर लिहिलं: पहिल्या काही महिन्यांत बाळाला दिवसभरात साधारण किलोमागे १५० मिली दूध लागतं. म्हणजे ४ किलो ८०० ग्रॅमला ७२० मिली. आम्ही पाजत होतो १,०५० मिली. “लोट्यात मावेल त्याहून जास्त ओतलं तर सांडणारच ना, आजी?”

पुढचा प्रश्न होता, दूध कसं कालवता? तेव्हा मला कबूल करावं लागलं की पोट भरावं म्हणून मी पावडरीचा एक चमचा जास्त टाकत होते, तोही शीग लावून. घट्ट दूध पोटाला जड पडतं, बाळाला तहान लागते, शौचाला कडक होते. तहानेने बाळ रडतं, आपण पुन्हा बाटली लावतो आणि पुन्हा उलटी होते. आमच्या घरात दोन महिने हेच चाललं होतं. बाळ उपाशी राहू नये या मायेपोटीच मी ते करत होते.

डॉक्टरांनी औषध लिहिलं नाही, फक्त हिशोब बदलून दिला. ९० मिली, दिवसरात्र मिळून आठ वेळा. हे माप आमच्या बाळाचं आहे. तुमच्या बाळाचं माप त्याच्या वजनावरून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. वजन वाढेल तसं मापही बदलतं.

कालवण्याची आणि पाजण्याची रीत

डब्यावर लिहिलेलं माप म्हणजे कायदा समजा. बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला एक चमचा असतो. तरी आपला डबा वाचाच आणि त्याच डब्यातला चमचा वापरा. चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा, दाबायचा नाही. आधी पाणी मोजायचं, मग पावडर टाकायची. पावडर जंतुरहित नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना उकळलेलं पाणी ७० अंशांपेक्षा थंड होण्याआधीच, म्हणजे उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पावडर कालवायला सांगते. मग बाटली थंड पाण्यात धरून दूध कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून बघा.

आपल्या वऱ्हाडात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कालवलेलं दूध ठेवून देऊ नका, दर वेळी ताजं करा. बाळाने तोंड लावलेलं दूध तासाभरात संपलं नाही तर फेकून द्या. पैसे जातात म्हणून जीव हळहळतो, पण हगवणीवर त्याहून जास्त जातात. बाटली आणि बोंडी दर वेळी ब्रशने घासून उकळायला हवी. हे जमत नसेल तर वाटी-चमचा बरा, तो स्वच्छ करायला सोपा. जुन्या बोंडल्याची चोच आतून नीट घासता येत नाही, म्हणून ते टाळा.

पाजताना आम्ही एवढं बदललं:

• बाळाला आडवं न ठेवता हाताच्या घडीत डोकं वर करून धरायचं. बाटली जवळजवळ आडवी धरायची, मात्र बोंडीत दूध भरलेलं असावं, म्हणजे हवा जात नाही.

• बाटली उलटी केली तर दूध थेंबथेंब पडावं. धार लागली तर बोंडीचं भोक मोठं आहे, ती बदला.

• दर ३०-४० मिलीनंतर थांबून खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. दोन-तीन मिनिटांत आली नाही तर पुढे पाजायचं. ढेकरेसाठी पाठीवर धपाटे नकोत.

• बाळाने तोंड फिरवलं की दूध संपवायचा हट्ट सोडायचा.

• पाजल्यावर वीस-तीस मिनिटं उभं धरायचं. लगेच झोळीत घालायचं नाही, तिथे बाळ दुमडतं आणि पोट दाबलं जातं. लंगोट पोटावर आवळायचा नाही. मालिश आणि अंघोळ पाजण्याआधी.

झोपवताना मात्र एक गोष्ट पक्की: बाळ पाठीवर आणि सपाट, घट्ट गादीवर. दूध घशात अडकेल या भीतीने पुष्कळ जणी पालथं किंवा उशीवर उंच करून झोपवतात. पण पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे वर आलेलं दूध गिळलं जातं किंवा बाहेर पडतं. पालथ्या झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो. राईची उशीसुद्धा झोपेत नको.

हे मुळीच करू नये

बाटलीत रवा, तांदळाची पेज, बिस्किट घालू नका. ठसका लागतो आणि गरज नसलेलं खाणं पोटात जातं. दूध घट्ट करायची गरज खरोखर असेल तर ते डॉक्टर ठरवतील. मध वर्षाच्या आत देऊ नका. त्यातले काही जंतू एवढ्या लहान पोटात विष तयार करू शकतात. घुटी, ग्राईप वॉटर, मेडिकलवरून विचारून आणलेलं उलटीचं किंवा ॲसिडिटीचं औषध, यांतलं काहीही स्वतःच्या मनाने नको. ॲसिडिटीच्या औषधाने दूध वर येणं थांबत नाही, फक्त त्यातलं आम्ल कमी होतं. हसत्या-खेळत्या बाळाला त्याची गरज नसते. बाळगोळीचं तर नावही काढू नका. जुन्या काळी त्यात अफू असायची, आणि बाळ शांत झालं असं ज्याला म्हणत ती गुंगी होती. शेजारणीच्या सल्ल्याने डब्यांमागून डबेही बदलत बसू नका. आपल्या देशात १९९२च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे, ती उगाच नाही. हा निर्णय डॉक्टरांचा आहे.

केव्हा क्षणभरही थांबायचं नाही

दूध टाकणारं प्रत्येक बाळ ठणठणीत असतं असं नाही. पुढचं काही दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठा:

• उलटी हिरवी असेल, त्यात रक्त असेल किंवा ती कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट असेल.

• पहिल्या दोन महिन्यांत दर वेळी पिचकारीसारखी लांब उलटी होते आणि बाळ लगेच पुन्हा भुकेलं असतं. जठराचं पुढचं तोंड अरुंद झालं की असं होतं, त्याला लहानशी शस्त्रक्रिया लागते.

• पोट फुगून टणक झालं, टाळू फुगली, बाळ मलूल आहे, जागं करूनही पीत नाही.

• श्वास अडखळतो, ओठ निळे पडतात.

• तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे.

• दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लघवी होते.

वजन वाढत नसेल, सहा महिन्यांनंतर नव्यानेच उलट्या सुरू झाल्या किंवा वर्षानंतरही थांबल्या नाहीत, तर वेळ न घालवता तपासून घ्या. शौचात रक्त दिसलं, अंगावर चट्टे उठून खाज असेल, तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. मग डॉक्टर काही आठवडे वेगळं दूध देऊन पाहतात. अमरावतीत जिल्हा स्त्री रुग्णालय, म्हणजे आपलं डफरीन, आणि इर्विन ही दोन्ही सरकारी रुग्णालयं आहेत. अडल्या वेळी १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आणि आईचं काय?

हिशोब बदलल्यावर आठवड्याभरात रुमाल निम्म्यावर आले. गुळण्या पुढेही बरेच महिने होत्या, पण बाळ हसून गुळणी टाकायची आणि पुन्हा खेळायची. तोवर लेकीला सांभाळणं हे आमचं काम होतं. जावयांनी रात्री बाराचं पाजणं स्वतःकडे घेतलं, म्हणजे लेकीला सलग चार-पाच तास झोप मिळू लागली. कपड्यांवर दूध पडलेलं असायचं म्हणून तिची नमाज राहून जाई आणि त्याचंही तिला वाईट वाटे. मी एक स्वच्छ जोड, ओढणी आणि जानमाज कपाटात वेगळी काढून ठेवली. वेळ झाली की बाळ माझ्याकडे.

रडणं असह्य झालं तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवून पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत गेलात तरी चालेल. रागाच्या भरात बाळाला कधीही गदागदा हलवू नका, मेंदूला इजा होते. आईला सतत रडू येत असेल, जेवण-झोप उडाली असेल, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल भलतेच विचार येत असतील, तर तो तिचा दोष नाही, आजार आहे. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

सूरह बकराच्या २३३व्या आयतीत मातांनी दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे आपण सुनांना आणि लेकींना नेहमी ऐकवतो. त्याच आयतीत पुढे दाईचं दूध पाजण्याची मुभा आहे, आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे आणि लेकरामुळे आईला त्रास दिला जाऊ नये, हेही बजावलं आहे. हा उरलेला भाग आपण किती वेळा ऐकवतो?

म्हणून माझ्यासारख्या नानी-दादींना एवढंच सांगणं: खांद्यावरच्या डागांवरून बाळाची तब्येत ठरवू नका, अंगणवाडीच्या काट्यावरून ठरवा. आणि उलटी झाली की आईकडे बोट दाखवण्याऐवजी हात पुढे करून बाळ घ्या. आमची नात आता वर्षाची झाली. वरण-भात खाते आणि माशाअल्लाह तिथल्या तिथे पचवते. ते रुमाल आता फरशी पुसायला झाले आहेत.