जुनी ‘फियाट’ दारात आल्यावर : काय बदलावे, काय जपावे?

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. मात्र जुनी मोटार हौसेने विकत घेणाऱ्याकडून खरे मोल वसूल होते ते बहुधा खरेदीनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत. गाडी दारात उभी राहते न राहते तोच तिची रवानगी गॅरेजमध्ये होते. नवा रंग, नवी आसने, नवे दिवे असा सपाटा सुरू होतो आणि ज्या अस्सलपणासाठी गाडी घेतली, तोच या उत्साहात हरवतो. बिघडलेले इंजिन दुरुस्त करता येते. भंगारात गेलेला मूळ डॅशबोर्ड परत मिळेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणूनच दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी तिचा क्रम ठरवणे अगत्याचे असते.

मुंबईकरांच्या परिचयाचे उदाहरण घ्यायचे तर ‘फियाट’चे घेता येईल. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. तीच पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा, पुढचे सलग बाकासारखे आसन ही तिची ओळख. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली आणि खासगी मालकांकडे उरलेल्या गाड्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

आधी नोंद, मग पाना

अशी गाडी घेतल्यावर पहिले काम पाना-पकडीचे नसून वही-पेन्सिलीचे असते. चॅसिस आणि इंजिनवर कोरलेले क्रमांक आरसी बुकातील क्रमांकांशी जुळतात का, हे पाहावे. पूर्वी कधी इंजिन बदलले असेल, तर त्याची नोंद आरटीओकडे असायला हवी. त्यानंतर गाडीची आतून-बाहेरून, खालूनही, छायाचित्रे काढावीत. डिकीतील अस्तराखाली किंवा दरवाजाच्या आतील आवरणामागे बहुधा कारखान्यातील मूळ रंग सापडतो. पुढे रंगाचा निर्णय घेताना हा पुरावा कोणाच्याही आठवणीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो.

जिथे तडजोड नाही

दुरुस्तीच्या क्रमात पहिला मान सुरक्षेचा. गाडी बराच काळ उभी असेल, तर ब्रेक ऑइलने हवेतील ओलावा शोषलेला असतो, चाकांजवळच्या सिलिंडरमधील रबरी सील कडक झालेले असतात. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ते उघडून, सील, रबरी नळ्या आणि ऑइल बदलल्याशिवाय तिला रस्त्यावर आणू नये. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबराचे वय पाहावे. २००० नंतरच्या टायरवर साधारणपणे चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष सांगतात. दहा वर्षे उलटलेला टायर कितीही नवा दिसला, तरी भरवशाचा नसतो.

पेट्रोलच्या नळ्यांकडे तर विशेष लक्ष हवे. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल या गाड्या घडवताना कोणाच्या गावीही नव्हते. इथेनॉलमुळे जुने रबर फुगते, भेगाळते आणि गळती सुरू होते. तापलेल्या इंजिनाशेजारची पेट्रोलची गळती म्हणजे आगीला निमंत्रणच. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपातील पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचाच बसवावा. येथे ‘मूळ भाग’ जपण्याचा आग्रह धरणे हा हट्ट ठरतो.

बदल असावा, पण परतीचा

जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’ याच्या ‘ट्युरिन सनदे’त याबाबत साधे तत्त्व सांगितले आहे. आवश्यक बदल नजरेत न भरणारा असावा, तो पूर्ववत करता यावा आणि काढलेला मूळ भाग गाडीबरोबरच जपून ठेवावा. या कसोटीवर अनेक प्रश्न आपोआप सुटतात. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली, प्लॅटिनम पॉइंटच्या जागी बसणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बाहेरून दिसत नाही आणि तासाभरात काढताही येते. ते खुशाल बसवावे. याउलट, संगीताच्या हौसेपायी डॅशबोर्डचा पत्रा कापला, तर तो कायमचा गेला. गाणी ऐकायची तर यंत्र आसनाखालीही ठेवता येते.

सीट बेल्टचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. पट्टा भक्कम बसवायचा तर मूळ सांगाड्याला छिद्र पाडून आतून जाड पत्र्याचा आधार द्यावा लागतो, आणि हा बदल परतीचा नसतो. गाडी केवळ प्रदर्शनात मिरवायची असेल, तर मालक तो टाळू शकतो. घरच्या मंडळींना घेऊन महामार्गावर जायचे असेल, तर अस्सलपणाने जिवापुढे माघार घ्यावी, हेच शहाणपणाचे.

रंगाची घाई नको

सर्वांत मोठा मोह रंगाचा. गंजाने पोखरलेला पत्रा कापून नवा जोडणे अपरिहार्य असते. त्यावर नुसती लांबी भरून रंग मारला, तर गंज आतल्या आत पसरतो. पण रंग केवळ फिका पडला असेल, क्रोमवर बारीक ठिपके असतील, आसनाचे रेक्झिन एखाद्या ठिकाणी उसवले असेल, तर पॉलिश आणि सुई-दोऱ्यावर भागते. गाडीला पुन्हा रंग कितीही वेळा देता येईल. कारखान्यातला रंग मात्र तिच्या अंगावर एकदाच चढलेला असतो. किमान एक पावसाळा गाडी वापरून, ती कुठे गळते, कुठे खडखडते हे पाहून मगच हा निर्णय घ्यावा.

अस्सलपणाला कायद्याचेही पाठबळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीविना करता येत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि चॅसिस, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या खासगी वाहनांनाच तो दर्जा मिळतो. मात्र असे वाहन रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. सत्तरच्या दशकातील गाड्या आता या उंबरठ्याशी येत आहेत. आज घाईने केलेला बदल उद्या हा मार्ग बंद करू शकतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर वा चोर बाजारात हिंडून जुना दिवा, एखादे मूठ-हँडल शोधण्यात वेळ जातो हे खरे. पण तोवर गाडीतला तुटका भाग फेकून न देता खोक्यात, चिठ्ठी लावून ठेवावा. पुढे तो कुशल कारागिराला नमुना म्हणून उपयोगी पडतो. आणि गाडी कधी दुसऱ्याच्या हाती गेलीच, तर ते खोकेही तिच्याबरोबर द्यावे.