साप निवडायचा तर त्याचं ताट बघून

बँकॉकहून उतरलेल्या बॅगेत साप निघाले, ही बातमी मुंबईकरांना आता नवी राहिलेली नाही. डिसेंबर 2023 मध्ये बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक पकडले गेले. जून 2025 मध्ये आधी चापड्याच्या कुळातले विषारी साप सापडले आणि महिना सरता सरता आणखी सोळा, बहुतेक बिनविषारी. तस्करांवर लिहून झालं, पण या मालाचं गिऱ्हाईक कोण, यावर फारसं कुणी बोलत नाही. गिऱ्हाईक आहे काचेच्या पेटीत साप ठेवण्याची हौस असलेला माणूस, आणि तो साप निवडतो रंगावरून: पिवळाधमक, पांढराफटक, चित्रविचित्र नक्षीचा. माझ्या मते पहिला साप निवडताना रंग सगळ्यात शेवटी यावा. आधी विचारावं, हा खातो काय आणि मुळात नेमाने खातो का?

‘साप पंधरा दिवसांतून एकदा जेवतो, त्याच्याइतकं सोपं जनावर नाही’ असं हौशी मंडळी हमखास सांगतात. वरकरणी ते खरंही आहे. पण जेवण क्वचित असतं म्हणूनच ते सापाच्या शरीराला हलकं जात नाही. अमेरिकेतले स्टीफन सेकोर आणि जॅरेड डायमंड यांनी बर्मी अजगरांवर केलेलं काम या बाबतीत थक्क करणारं आहे. उपाशी अजगराचं आतडं जवळपास मिटलेलं असतं. भक्ष्य पोटात गेलं की आतडं, यकृत, मूत्रपिंड सगळं भराभर वाढतं आणि चयापचयाचा वेग कित्येक पटींनी चढतो. 2005 मधल्या एका अभ्यासात तर 48 तासांत हृदयाच्या जवनिकेचं वजन सुमारे 40 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या लेस्ली लाइनवँड यांनी पुढचा प्रश्न विचारला: हृदयाला वाढायचा निरोप देतं कोण? जेवलेल्या अजगराचं रक्त चरबीने दुधासारखं पांढुरकं होतं. त्यातली तीन मेदाम्लं त्यांच्या चमूने वेगळी काढली आणि त्यांचं मिश्रण टोचल्यावर उंदरांचीही हृदयं निरोगी रीतीने वाढली. हे संशोधन 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. उंदरांना सापाकडून मिळालेली एवढी एकच भेट म्हणायची!

या सगळ्या उलाढालीला ऊब लागते, आणि ती साप स्वतः निर्माण करू शकत नाही. बॉल पायथनच्या पेटीचा एक कोपरा 31-32 अंशांवर आणि दुसरा त्याहून पाच-सहा अंश थंड लागतो, म्हणजे त्याला हवं तिथे सरकता येतं. ऊब कमी पडली, भक्ष्य फार मोठं दिलं किंवा जेवल्यावर लगेच त्याला हातात घेऊन पाहुण्यांना दाखवलं, तर गिळलेलं सगळं बाहेर येतं, आणि लहान पिल्लाला असं दोन-तीनदा झालं तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून जेवणानंतर किमान दोन दिवस हात लावायचा नाही आणि भक्ष्य सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागापेक्षा फारसं जाड नको, असे साधे नियम जाणकार पाळतात. ते जिवंत उंदीर सोडत नाहीत. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळवतात, मग पिशवीत बांधून कोमट पाण्यात ठेवतात, कोरडा करतात आणि लांब चिमट्याने सापापुढे धरतात. जीभ लवलवते, मान मागे जाते, झडप बसते. मेलेल्या उंदरालाही साप विळखा घालून आवळतो, मग सावकाश चाचपत त्याचं तोंड शोधतो आणि डोक्याकडून गिळायला लागतो. ‘रानात कोण वितळवून देतं?’ असा आक्षेप येतो. पण रानात सापाला पळायला जागा असते. बंद पेटीत भूक नसलेल्या सापाजवळ रात्रभर राहिलेला जिवंत उंदीर त्यालाच कुरतडतो.

आता निवडीचं बघू. बाजारात सर्वाधिक मागणी असते पश्चिम आफ्रिकेतल्या बॉल पायथनला. बुटका, शांत, चावायच्या ऐवजी वेटोळं करून डोकं लपवणारा. नवख्याला मोह पडावा असाच. पण खाण्याच्या बाबतीत तो विलक्षण हट्टी. जागा बदलली, हवा बदलली, विणीचा हंगाम आला की महिनोन्‌महिने तोंड वळवून बसतो. धडधाकट मोठ्या सापाला त्याने सहसा काही होत नाही. नवखा मालक मात्र घाबरून रोज नवा उंदीर नाचवतो आणि सापाला आणखी बिथरवतो. रंगासाठी केलेल्या पैदाशीने त्यात भर घातली आहे. ‘स्पायडर’ नावाच्या नक्षीबरोबर तोल सांभाळण्यातला दोष येतो, डोकं डुलतं आणि काहींचा भक्ष्यावरचा नेमही चुकतो. त्याउलट आग्नेय अमेरिकेतला कॉर्न स्नेक. चपळ, थोडा पळपुटा, पेटीच्या फटीतून निसटण्यात पटाईत, पण बहुधा खायला कायम तयार. पिल्लाला पाच-सात दिवसांनी उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू, मोठ्याला दहा-चौदा दिवसांनी एक उंदीर. पहिलाच साप हवा असेल तर माझं मत बिनदिक्कत यालाच.

उंदीर नकोच म्हणणाऱ्या घरांसाठीही पर्याय सुचवले जातात. आफ्रिकेत केवळ पक्ष्यांची अंडी खाणारे साप आहेत, पण त्यांच्या पिल्लाला लागतात चिमुकल्या पाखरांची अंडी, आणि ती नेमाने आणणार कुठून? गार्टर स्नेक मासे आणि गांडुळं खातो. पण गोल्डफिशसारख्या काही माशांमधलं एक विकर ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतं, त्यामुळे सतत तेच खाऊ घातलं तर सापाला झटके येऊ लागतात. आणि नागपंचमीचं दूध? ते सापाचं अन्नच नव्हे. तहानेने व्याकूळ ठेवलेला नाग समोरचं कुठलंही द्रव पितो, एवढाच त्या ‘चमत्कारा’चा अर्थ.

धामण, मांडूळ, आपला अजगर हे तर पर्यायच नाहीत. त्यांना घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग सर्पमित्र म्हणवणाऱ्या कुणी ते आणून दिलेले का असेनात. बॉल पायथन सायटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने 2024 च्या नियमांनुसार त्याची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, पण तेवढ्याने बॅगेतून आणलेला कॉर्न स्नेक कायदेशीर होत नाही. शिवाय आयुष्याचा हिशेब आहेच: कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं सहज जगतो, बॉल पायथन त्याहून जास्त. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या साठी ओलांडलेल्या मादीने 2020 मध्ये अंडी घातली होती. इतकी वर्षं घरातल्या फ्रीजरमध्ये भाजीशेजारी उंदीर राहणार, हे घरातल्या सगळ्यांना आधी विचारलेलं बरं. ते मान्य झालं आणि कागदपत्रं चोख असली, तरी पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे सापाच्या जेवणाची वही मागावी: कुठल्या तारखेला काय दिलं, खाल्लं की नाकारलं, वजन किती भरलं. जमल्यास आपल्यासमोर एकदा जेवू घालायला लावावं. केकच्या पुड्यातून आलेल्या सापाची अशी वही कुणाकडेच नसते.