सहा महिने ते तीन वर्षे : कळमनुरी परिसरातील कामकरी माता आणि कुटुंबजीवनाचा अभ्यास

समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत लघुशोधप्रबंधासाठी, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः माहिती गोळा करून लिहावयाच्या छोटेखानी प्रबंधासाठी, जे विषय पुन्हा पुन्हा निवडले जातात त्यांत ‘नोकरी करणाऱ्या माता आणि त्यांचे कुटुंबजीवन’ हा एक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीतही संशोधन प्रकल्पाला स्थान दिल्यामुळे हा विषय आता मोठ्या शहरांपुरता उरलेला नाही. नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, आणि म्हणून हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावीही, तो विद्यार्थ्यांच्या हाती येऊ शकतो. मात्र या विषयाबरोबर जी चौकट येते ती शहरी मध्यमवर्गाची असते. त्या चौकटीतील आई ठरावीक वेळेला कार्यालयात जाते, महिन्याच्या अखेरीस पगार घेते आणि तिच्या मुलासाठी पाळणाघर किंवा घरकामाची बाई शोधते. कळमनुरी परिसरात राबणाऱ्या बहुसंख्य माता या वर्णनात बसत नाहीत. त्यामुळे येथील अभ्यासाने आईच्या नोकरीचा कुटुंबावर काय परिणाम होतो असे विचारण्यापूर्वी वेगळा प्रश्न विचारणे आवश्यक आहे : मूल सहा महिन्यांचे झाल्यापासून तीन वर्षांचे होईपर्यंत, आई कामावर असताना, त्याला कोण सांभाळते आणि त्या सांभाळण्याची किंमत कोण देते?

अभ्यासाची परंपरा

मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग सुरू केला आणि १९२४ पासून तो गो. स. घुर्ये यांच्याकडे आला. घुर्ये यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या अवतीभवतीच्या समाजाची पद्धतशीर पाहणी करण्याचा जो पायंडा पाडला, त्यातच स्त्रियांच्या कामाचा अभ्यासही रुजला. चंद्रकला हाटे यांनी मुंबई शहरातील शिक्षित स्त्रियांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा अभ्यास १९३० साली सिद्ध केला आणि पुढे १९६९ मधील ग्रंथात स्वातंत्र्योत्तर काळात स्त्रियांचे स्थान कसे बदलत गेले याची मांडणी केली. नीरा देसाई यांचा आधुनिक भारतातील स्त्रीविषयीचा १९५७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ मुळात त्यांचा एम. ए. साठीचा प्रबंध होता, आणि त्याच नीरा देसाई यांनी १९७४ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र उभे केले. विद्यार्थिदशेतील प्रबंध ही परीक्षेपुरती औपचारिकता न राहता एका ज्ञानशाखेचा पाया ठरू शकतो, याची ही उदाहरणे महाराष्ट्रातीलच आहेत.

घुर्ये यांच्याच विद्यार्थिनी असलेल्या इरावती कर्वे स्वतः तीन मुलांच्या आई होत्या आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन करीत होत्या. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात त्यांनी नात्यांच्या संज्ञा, लोकगीते आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्य ही सर्व साधने एकत्र आणून कुटुंब म्हणजे माणसांमाणसांतील हक्क आणि कर्तव्ये यांची रचना होय हे दाखवून दिले. सून, सासू, नणंद आणि आजी यांच्यामध्ये घरकामाची आणि मुलांची जबाबदारी कशी वाटली जाते हे समजून घेण्यासाठी ही दृष्टी आजही उपयोगी आहे.

या प्रारंभीच्या अभ्यासांचा भर शिकलेल्या, नगरवासी स्त्रियांवर होता, कारण शिक्षण घेऊन पगारी नोकरीत शिरणारी स्त्री ही त्या काळातील नवी आणि ठळक घटना होती. शेतात राबणारी आई मात्र नवी नसल्यामुळे ‘बदलाच्या’ अभ्यासातून निसटत राहिली. केंद्र शासनाने १९७१ मध्ये नेमलेल्या समितीने ‘समानतेच्या दिशेने’ या नावाने ओळखला जाणारा अहवाल १९७४ मध्ये सादर केला, तेव्हा असंघटित क्षेत्रातील स्त्रियांची, म्हणजे जिथे नेमणूकपत्र, ठरलेले वेतन आणि कायद्याचे संरक्षण यांपैकी काहीच नसते अशा कामांतील स्त्रियांची, स्थिती राष्ट्रीय चर्चेत आली.

कळमनुरीतील काम

कळमनुरी हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आणि नंतर परभणी जिल्ह्यातील तालुका. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आल्यावर तो या नव्या जिल्ह्यात आला. कयाधूचे खोरे, यवतमाळच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा आणि तिच्यावरील इसापूर धरण यांमुळे तालुक्याच्या काही भागाला पाणी मिळते, तर बाकीची शेती पावसावर उभी असते. आंध या आदिवासी जमातीची वस्ती या पट्ट्यात असून एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय कळमनुरीलाच आहे. याशिवाय बंजारा तांडे आणि आखाडा बाळापूरसारखी बाजाराची गावे यांमुळे कुटुंबांचे प्रकारही एकसारखे नाहीत.

येथील मातांच्या कामाचे ढोबळमानाने चार प्रकार करता येतात. पहिला प्रकार शिक्षिका, परिचारिका, लिपिक अशा नियमित पगाराच्या नोकऱ्यांचा असून तो संख्येने लहान आहे. दुसऱ्या प्रकारात अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा स्वयंसेविका येतात. सेविकेला वेतनाऐवजी मानधन आणि आशाताईला प्रामुख्याने कामागणिक मोबदला मिळतो. दोघीही शासनाच्या योजना घरोघर पोहोचवतात, परंतु त्यांना शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. तिसरा आणि सर्वांत मोठा प्रकार शेतीकामाचा आहे : स्वतःच्या शेतातील बिनमोबदला श्रम आणि दुसऱ्याच्या शेतातील रोजमजुरी ही दोन्ही कामे एकच स्त्री हंगामाप्रमाणे आलटून पालटून करते. सोयाबीनची खुरपणी, कापसाची वेचणी आणि हळदीची काढणी ही प्रामुख्याने बायांच्या हातची कामे आहेत. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याने या पिकाचे नाव झाले, परंतु जमिनीतून निघालेल्या कंदाचे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करण्याचे, तासन्‌तास वाकून किंवा बसून करावयाचे काम कोणाकडे असते आणि त्या वेळी तिचे तान्हे मूल कोठे असते, हे त्या नावलौकिकात दिसत नाही.

चौथा प्रकार स्थलांतराचा आहे. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या धंद्यात नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे हंगामापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम, त्या जोडीच्या हिशेबात जाते, त्यामुळे पत्नीच्या श्रमाची किंमत स्वतंत्रपणे तिच्या हाती येत नाही. तिने घरी राहायचे ठरवले तर कोयता अर्धा होतो आणि ती गेली तर मूल एकतर फडात जाते किंवा गावी आजीकडे राहते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या प्रश्नाने हे दाखवून दिले की कामाचा खाडा परवडत नाही अशा व्यवस्थेत मातृत्वाचा आणि शरीराचा विचारही मजुरीच्या हिशेबाने होऊ लागतो.

कामाची मोजणी

जनगणनेच्या पद्धतीत वर्षातून सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ काम करणाऱ्या व्यक्तीला ‘मुख्य कामकरी’ आणि त्याहून कमी काळ काम करणाऱ्या व्यक्तीला ‘सीमांतिक कामकरी’ म्हटले जाते, तर घरकाम आणि मुलांचे संगोपन हे काम या गणनेत धरलेच जात नाही. या उणिवेवर उपाय म्हणून वेळ-वापर सर्वेक्षण ही पद्धत विकसित झाली. तीत व्यक्तीला ‘आपण काय काम करता’ असे न विचारता मागील चोवीस तास कोणकोणत्या गोष्टींत गेले याची क्रमवार नोंद घेतली जाते. भारतात देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी १९७० च्या दशकात राजस्थान व पश्चिम बंगालमधील खेड्यांत अशा नोंदी घेऊन अधिकृत आकडेवारीतून स्त्रियांचे किती काम गळते हे दाखवले होते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण केले, तेव्हा बिनमोबदला घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के आणि पुरुषांचे २६.१ टक्के आढळले. जे हे काम करतात त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देत होते. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले, म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांचा भार काहीसा कमी झाला, परंतु तो पुरुषांनी उचलल्यामुळे झाला असे म्हणता येत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ मध्ये तेथील नोकरदार जोडप्यांच्या अभ्यासातून ‘दुसरी पाळी’ ही संकल्पना मांडली, म्हणजे कामावरून परतलेल्या स्त्रीला घरी पुन्हा एक पाळी करावी लागते. कळमनुरीच्या मजूर आईच्या बाबतीत घरची पाळी रोजाच्या आधी चूल, पाणी आणि भाकरीपासून सुरू होते व रोजानंतर पुन्हा चालू होते, म्हणून येथे दिवसाचे तीन भाग करून नोंद घेणे अधिक योग्य ठरेल.

कायद्याची आणि योजनांची पोकळी

प्रसूतिलाभाचा, म्हणजे बाळंतपणाच्या काळात कामावरील स्त्रीला सुटी आणि आर्थिक आधार देण्याचा, विचार महाराष्ट्रात जुना आहे. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने त्याचा भार मोठ्या प्रमाणात शासनाने उचलावा अशी भूमिका घेतली होती, आणि पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला. देशासाठीचा कायदा १९६१ मध्ये आला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. शेतमजूर आईला मात्र यातील काहीच लागू होत नाही. तिच्यासाठी असलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. एकीला सव्वीस आठवड्यांचा पूर्ण पगार आणि दुसरीला ही रक्कम, असा मातृत्वाच्या मोलातील फरक एकाच गावात नांदतो.

पगारी रजा सुमारे सहा महिन्यांनी संपते. दुसऱ्या बाजूला अंगणवाडीतील पूर्वशालेय शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असते, आणि त्याहून लहान मुलांना घरी नेण्याचा आहार मिळत असला तरी दिवसभर सांभाळण्याची सोय मिळत नाही. म्हणजे सहा महिने ते तीन वर्षे हा अडीच वर्षांचा काळ, ज्या काळात मूल रांगते, चालते, बोलू लागते आणि कुपोषणाच्या सर्वाधिक धोक्यात असते, तोच काळ सार्वजनिक व्यवस्थेने घरावर सोडला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण त्यांच्या अंगणापर्यंत नेले तेव्हा मुलाच्या घरच्या परिस्थितीला शाळेने जुळवून घ्यावे हे तत्त्व त्यामागे होते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाड्या सर्वदूर पोहोचल्या, तरी मजूर आईच्या दिवसाच्या लांबीशी त्यांचे वेळापत्रक अजून जुळलेले नाही. राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करून तिला मजुरी देण्याची तरतूद होती, आणि ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना आहे. अशा तरतुदींचा लाभ गावात कितपत पोहोचला हे तपासणे विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे.

प्रश्न विचारण्याची रीत

या पोकळीत आज आजी, थोरली मुलगी किंवा शेजारीण उभी असते. आजी सांभाळते तेव्हा तिच्या म्हातारपणाच्या विश्रांतीतून, थोरली मुलगी सांभाळते तेव्हा तिच्या शाळेच्या हजेरीतून आणि कोणीच नसते तेव्हा आईच्या रोजातून किंमत वसूल होते. म्हणून कुटुंबजीवनाचा अभ्यास एकट्या आईची मुलाखत घेऊन पूर्ण होत नाही. एका घरातील तीन पिढ्यांच्या स्त्रियांशी आणि वडिलांशीही बोलावे लागते, आणि मुलाच्या संगोपनाविषयीचे जे प्रश्न आईला विचारले जातात तेच वडिलांना विचारावे लागतात, अन्यथा प्रश्नावलीच आईला आरोपीच्या जागी बसवते.

मुलाखतीच्या वेळी सासू शेजारी बसलेली असताना सुनेकडून मिळालेले उत्तर आणि शेताच्या बांधावर मिळालेले उत्तर यांत फरक पडू शकतो, हे ध्यानात घेऊन जागा व वेळ ठरवावी. रोज बुडवून मुलाखत मागू नये. लहान गावात नाव गाळूनही व्यक्ती ओळखू येते, म्हणून व्यवसाय, वस्ती आणि मुलांची संख्या यांचे तपशीलही जपून वापरावे. हळदीच्या काढणीचा आणि पावसाळ्यातील खुरपणीचा असे दोन वेगळे दिवस नोंदवल्यास हंगामाचा परिणाम समजतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी संकलित केलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचे भांडार हे सिद्ध करते की कष्ट, माहेर आणि लेकरू यांविषयी ग्रामीण स्त्रियांनी स्वतःच विपुल मांडणी करून ठेवली आहे, त्यामुळे प्रश्नावलीच्या जोडीला मोकळ्या कथनाला आणि गाण्यालाही पुराव्याचा मान द्यावा.

असा अभ्यास वीस-पंचवीस कुटुंबांपुरता असला तरी त्याचा उपयोग गुणपत्रिकेपलीकडे होऊ शकतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी असा महाराष्ट्रात दंडक आहे, आणि गावात तीन वर्षांखालील किती मुले दिवसभर कोणाच्या भरवशावर असतात याची नेमकी यादी ग्रामसभेसमोर आली तर त्या रकमेतून हंगामापुरते का होईना पाळणाघर चालवण्याची मागणी ठोसपणे करता येते. कुटुंब टिकते ते आईने नोकरी केल्याने किंवा न केल्याने नव्हे, तर मुलाला सांभाळण्याचे काम किती जणांमध्ये आणि किती न्यायाने वाटले गेले यावर. आणि त्या वाटणीत गाव व शासन यांचा वाटा किती असावा हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती कळमनुरीतील विद्यार्थीच सर्वांत चांगल्या रीतीने गोळा करू शकतात, कारण ज्या घरांचा अभ्यास करावयाचा त्यांतील पुष्कळ घरे त्यांची स्वतःचीच आहेत.