संत्र्याची साल आणि आईनस्टाइनचा हिशेब

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन, म्हणजे १८० अंश, हे आपल्यापैकी बहुतेकांनी मराठी शाळेत घोकले आहे. आम्ही तर पुढे वर्षानुवर्षे तेच शिकवले. ते चूक नव्हते. पण ते सपाट फळ्यापुरतेच खरे आहे, हे आम्ही मुलांना सांगितले नाही. ती बाकी आज चुकती करतो.

घरातले एखादे संत्रे घ्या. आडवे, बरोबर मधोमध कापा आणि प्रत्येक अर्ध्याच्या चार सारख्या फोडी करा. आता एका फोडीची साल पाहा. तिला तीन कडा, तीन कोपरे, आणि प्रत्येक कोपरा काटकोन! बेरीज २७० अंश. सालीवर चालणाऱ्या मुंगीला संत्रे बाहेरून पाहण्याची गरजच नाही. तिने कोन मोजले तरी आपली जमीन वाकलेली आहे हे तिला कळेल.

१० जून १८५४ रोजी जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात २७ वर्षांच्या बर्नहार्ड रीमानने हाच विचार पुढे नेला. शिकवण्याचा परवाना मिळावा म्हणून ते व्याख्यान होते. त्याने तीन विषय सुचवले. वृद्ध गाउसने नेमका तिसरा, भूमितीचा, निवडला. रीमान म्हणाला की सालीलाच काय, आपण वावरतो त्या अवकाशालाही वक्रता असू शकते, ती जागोजागी कमीजास्त असू शकते, आणि ती आतूनच मोजता येते. व्याख्यान छापले गेले १८६८ मध्ये. त्याआधी दोन वर्षे रीमान वारला होता.

१९१२ मध्ये आईनस्टाइन झुरिकला अडून बसला होता. गुरुत्वाकर्षणाची कल्पना डोक्यात होती, पण ती मांडायला गणित नव्हते. त्याचा कॉलेजातला सोबती मार्सेल ग्रॉसमन तिथेच भूमितीचा प्राध्यापक होता. त्याने रीमानची भूमिती दाखवली. नोव्हेंबर १९१५ मध्ये समीकरणे पुरी झाली. सूर्य ग्रहाला दोरीने ओढत नाही. तो भोवतालचे अवकाश आणि काळ वाकवतो, आणि ग्रह त्यातल्या सर्वांत सरळ वाटेने जातो. बुधाची कक्षा शंभर वर्षांत ४३ विकला जास्त सरकते (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), याचा उलगडा खगोलशास्त्रज्ञांना होत नव्हता. नव्या समीकरणांतून तोच आकडा आला.

त्या सिद्धांताचे ४६ पानी हस्तलिखित आईनस्टाइनने १९२५ मध्ये, हिब्रू विद्यापीठ उघडले तेव्हा, विद्यापीठाला भेट दिले. २०१० मध्ये त्याची सगळी पाने येरुशलायीममध्ये लोकांना पाहायला ठेवली होती.

भूमितीने दिलेले हे कर्ज भौतिकशास्त्राने पुढे फेडले, आणि तो किस्सा आम्हांला फार आवडतो. स्ट्रिंग सिद्धांत मानतो की अवकाशाला आणखी सहा मिती गुंडाळलेल्या असाव्यात. अशा एका आकारावर ठरावीक जातीच्या वक्ररेषा किती बसतात, हा शुद्ध भूमितीचा प्रश्न. १९९१ मध्ये फिलिप कँडेलास आणि त्यांच्या सहकारी भौतिकशास्त्रज्ञांनी उत्तर काढले: ३१,७२,०६,३७५. नॉर्वेचे गणिती एलिंग्सरुड आणि स्ट्रोमे यांना संगणकावर मिळाले २,६८,२५,४९,४२५. नॉर्वेकरांनी आपला प्रोग्रॅम पुन्हा तपासला, तर चूक त्यातच निघाली! ती दुरुस्त केल्यावर भौतिकवाल्यांचीच संख्या आली. त्यांची रीत बरोबर का, हे सिद्ध करायला गणित्यांना आणखी काही वर्षे लागली. स्ट्रिंग सिद्धांत स्वतः मात्र प्रयोगाने अजून सिद्ध झालेला नाही.